एका हबवर सात उपकरणं

नोव्हेंबर आला की निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सिद्ध केलं नाही, तर पेन्शन थांबते. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन यादीवर सही नाहीतर अंगठा करायचा. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारनं ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय सुरू केली आणि गावोगावच्या सेवा केंद्रांत, कॉम्प्युटरला यूएसबीच्या वायरीनं जोडलेल्या अंगठा मशीनवर बोट टेकवून दाखला मिळू लागला. सोय मोठी आहे आणि हजारो म्हाताऱ्यांचे हेलपाटे तिनं वाचवले आहेत. ती अडते तेव्हा मात्र बहुतेक वेळा बोल बोटांना लागतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी असं एक केंद्र पाहिलं. अरुंद गाळा, दारात चपलांचा ढीग, आत एक डेस्कटॉप आणि तो चालवणारी एक चुणचुणीत मुलगी. तिला सगळे ताई म्हणतात. समोरच्या खुर्चीत कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या एक आजी. ताई म्हणाल्या, “आजी, बोट जरा दाबून धरा.” मग, “दुसरं बोट ठेवा.” मग, “हात धुऊन पुसून या बरं.” आजी हात धुऊन आल्या. पदरानं पुन्हा पुन्हा पुसले. मशीनचा लाल दिवा लागे आणि मधेच विझे. शेवटी ताई नाइलाजानं म्हणाल्या, “आजी, तुमचे ठसेच उमटत नाहीत. काम करून करून रेषा गेल्यात.”

हे सहज पटतं, कारण ते पुष्कळदा खरंही असतं. भांडी घासून, खुरपून, विटा उचलून बोटांवरच्या रेषा झिजतात. पण त्या दिवशी गोष्ट वेगळी होती. आजींनंतर बसलेल्या, कॉलेजात जाणाऱ्या पोराचाही ठसा येईना, तेव्हा ताईंनी फोन करून दुरुस्तीवाल्या दादांना बोलावलं.

दादा पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत. आता तालुक्यातल्या निम्म्याअधिक सेवा केंद्रांचे, पतसंस्थांचे आणि दूध डेअऱ्यांचे कॉम्प्युटर त्यांच्याकडे असतात. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते टेबलाखाली वाकले. कॅबिनेटच्या पुढच्या तोंडात चार पोर्टांचा एक स्वस्त हब खोचलेला होता. त्याच्या एका पोर्टात तसाच दुसरा हब. दोन्हींवर मिळून सात उपकरणं: अंगठा मशीन, वेबकॅम, प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन, एक्स्टर्नल हार्डडिस्क आणि कुणाचा तरी चार्जिंगला लावलेला मोबाइल. अंगठा मशीन दुसऱ्या हबच्या अगदी शेवटच्या पोर्टात. दादा एवढंच म्हणाले, “ताई, हिला उपाशी ठेवलंय तुम्ही.”

यूएसबीच्या वायरीतून माहिती जाते तशी वीजही जाते आणि ती मोजून मिळते. यूएसबी २.०चा नियम असा: व्होल्टेज ५, करंट आधी १०० मिलिअँपिअर आणि उपकरणानं मागितला आणि कॉम्प्युटरनं मंजूर केला तर जास्तीत जास्त ५००. यूएसबी ३.०मध्ये हीच मर्यादा ९००पर्यंत वाढली. ज्या हबला स्वतःचा अडॅप्टर नसतो, तो कॉम्प्युटरकडून ५०० घेतो, १०० स्वतःसाठी ठेवतो आणि उरलेले चार पोर्टांना प्रत्येकी १०० असे वाटतो. आता अशा हबच्या पोर्टात दुसरा तसाच हब लावला, तर त्या दुसऱ्याला मिळणार १०० आणि ते त्याच्या स्वतःच्याच पोटाला लागणार. त्याच्या पुढच्या पोर्टांसाठी कागदोपत्री काहीच उरत नाही. म्हणूनच बिनअडॅप्टरच्या हबमागे बिनअडॅप्टरचा हब लावणं यूएसबीच्या नियमांत बसतच नाही. बाजारातला स्वस्त हब मात्र हा नियम पाळत नाही. आपल्याकडे अडॅप्टर नाही हे तो कॉम्प्युटरला धड सांगत नाही. त्यामुळे कॉम्प्युटर तक्रार करत नाही, सगळं जोडलेलं दिसतं, आणि प्रत्यक्ष काम पडलं की शेवटच्या पोर्टावरचं व्होल्टेज ढासळतं.

दादांच्या खिशात एक छोटा यूएसबी मीटर असतो. पोर्ट आणि उपकरण यांच्यामध्ये तो खोचला की व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. त्यांनी तो अंगठा मशीनच्या आधी लावला आणि ताईंना स्कॅनर सुरू करायला सांगितलं. स्कॅनर यूएसबीवरच चालणारा, वेगळी वीज न घेणारा. त्याचा दांडा सरकायला लागला आणि मीटरवरचा आकडा घसरत साडेचारच्याही खाली आला. अंगठा मशीन ठसा घेते तेव्हा आतला दिवा उजळतो, म्हणजे ऐन कामाच्या क्षणीच तिला जास्त वीज लागते. तो क्षण आला की दिवा विझे. मशीन बंद पडून पुन्हा सुरू होई. आजींची बोटं त्यात कुठेच नव्हती.

हे कळण्यासाठी मीटर हवाच असंही नाही. पडद्यावर एरर येताना सोबत बहुधा एक आकडा येतो आणि तो पुष्कळ सांगतो. आधारच्या पडताळणीत ३०० हा आकडा आला तर ठसा घेतला गेला, पाठवला गेला, पण नोंदीतल्या ठशाशी जुळला नाही. म्हणजे प्रश्न बोटाचा किंवा जुन्या नोंदीचा. ७००च्या घरातले आकडे येतात ते मशीनच्या बाजूनं. ७१० म्हणजे मशीन दुसऱ्याच कुठल्या तरी प्रोग्रॅमनं अडवून ठेवली आहे. ७२० म्हणजे मशीन तयारच नाही. ७४० म्हणजे तिला नव्यानं सुरू करायला हवं. दोन्ही प्रकारांत केंद्रातल्या पडद्यावर वाक्य साधारण एकच दिसतं, पुन्हा प्रयत्न करा, आणि मग समोरच्याला हात धुऊन यायला सांगितलं जातं. आकडा वाचण्याचं प्रशिक्षण प्रत्येक केंद्रचालकाला मिळालं पाहिजे, असं मला फार तीव्रतेनं वाटतं. आकड्यांतला फरक कळला नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्याच हातांची लाज वाटावी, हे बरोबर नाही.

७२०चा तंटा समजून घेण्यासारखा आहे. आधारसाठी वापरायची अंगठा मशीन नोंदणीकृत असावी लागते आणि तिच्यासोबत आरडी सर्व्हिस नावाचा एक छोटा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर सतत चालू असतो. संकेतस्थळाला ठसा हवा असला की ते थेट मशीनशी बोलत नाही, या प्रोग्रॅमशी बोलतं. त्यासाठी ११,१०० ते ११,१२० हे क्रमांक राखून ठेवले आहेत आणि संकेतस्थळ एकेका क्रमांकावर हाक मारून बघतं, कुणी आहे का. एका केंद्रावर जुनी एका कंपनीची मशीन होती, ती मोडली, दुसऱ्या कंपनीची आणली. जुनी मशीन कपाटात गेली, पण तिचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर तसाच राहिला. आता हाक मारल्यावर पहिली ओ तोच देतो आणि सांगतो की मशीन तयार नाही. संकेतस्थळ पुढचे क्रमांक तपासणारं असलं तर निभावतं, पहिल्या उत्तरावर थांबणारं असलं तर समोर नवीकोरी मशीन लावलेली असूनही काम होत नाही. जुन्या मशीनचा प्रोग्रॅम काढून टाकणं एवढाच त्यावरचा इलाज. तेवढ्यासाठी नवी मशीन बदलून आणणारे लोक आहेत.

मुळात यूएसबी आलं ते असले तंटे संपवण्यासाठी. नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर हाताळला त्यांना ते दिवस आठवत असतील. माऊसला एक पोर्ट, प्रिंटरला दुसरा, कीबोर्डला तिसराच गोल, आणि साउंड कार्ड बसवायचं तर कॅबिनेट उघडून कार्डावरच्या पिनांत जंपर सरकवायचे. प्रत्येक उपकरणाला कॉम्प्युटरचं लक्ष वेधण्यासाठी एक स्वतंत्र ओळ लागे, तिला आयआरक्यू म्हणत. अशा ओळी मोजून सोळा, त्यातल्या बऱ्याच आधीच वाटून गेलेल्या. कॉम-१ आणि कॉम-३ या दोन सीरियल पोर्टांना मिळून एकच ओळ, चार नंबरची. १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलनं इंटरनेट खुलं केलं, हौशी लोकांनी मोडेम आणले, आणि मग हा प्रसंग घरोघर घडू लागला: माऊस कॉम-१वर, मोडेम कॉम-३वर, मोडेमनं फोन फिरवायला सुरुवात केली की पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजायचा.

या जाचातून सुटण्यासाठी इंटेल, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पॅक, डिजिटल, आयबीएम, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६मध्ये यूएसबीचा पहिला मसुदा पक्का झाला. इंटेलमध्ये या कामाचं नेतृत्व करणाऱ्यांत अजय भट्ट होते. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. सयाजीरावांच्या बडोद्याशी मराठी माणसाचं जुनं नातं आहे, म्हणून ही गोष्ट आपल्याकडे जास्त माहीत असायला हवी होती. २०१३मध्ये युरोपियन पेटंट ऑफिसनं त्यांना युरोपबाहेरच्या संशोधकांसाठीचा पुरस्कार दिला.

सुरुवात मात्र अडखळत झाली. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टचे अधिकारी बिल गेट्स यांच्यासमोर येऊ घातलेल्या विंडोज ९८मध्ये यूएसबी स्कॅनर जोडून दाखवत होते. वायर खोचली आणि भरसभेत पडदा निळा झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲपलनं आयमॅक आणला, त्यात जुने पोर्ट काढून टाकून यूएसबीच दिलं होतं. मग सगळ्या उपकरणवाल्यांना यूएसबीकडे वळावंच लागलं.

यूएसबीनं आयआरक्यूचं भांडण कसं मिटवलं? उपकरणांची बोलण्याची मुभाच काढून घेतली. मूळ यूएसबीत कॉम्प्युटरमधला होस्ट कंट्रोलर हाच एकटा प्रमुख. तो वर्गात हजेरी घ्यावी तसं एकेकाला नाव घेऊन विचारतो आणि ज्याचं नाव घेतलं त्यानंच बोलायचं. नवं उपकरण लावलं की त्याला आधी शून्य हा तात्पुरता क्रमांक असतो. प्रमुख त्याला आधी थोडक्यात ओळख विचारतो, मग १ ते १२७पैकी एक क्रमांक देतो आणि नंतर कोण, कुठला, किती वीज हवी हे नीट विचारतो. हे सगळं क्षणार्धात होतं. त्या पहिल्या प्रश्नालाच उपकरणानं धड उत्तर दिलं नाही, की विंडोजवर ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि कोड ४३ दिसतो. कोड ४३ आला की ड्रायव्हर शोधत बसणारे बरेच भेटतात. जे उपकरण आपलं नावच सांगू शकलं नाही, त्याच्यासाठी ड्रायव्हर कुठला निवडणार? त्यातही उपकरणाच्या नावाच्या जागी ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं दिसत असेल, तर आधी वायर, पोर्ट आणि वीज पाहावी.

१२७ हा आकडा पुस्तकात शोभतो, टेबलावर नाही. एकेका उपकरणाच्या आत एंडपॉइंट नावाच्या अनेक वाटा असतात, आणि इंटेलच्या बऱ्याच यूएसबी ३ कंट्रोलरमध्ये अशा एकूण ९६ वाटांचीच सोय आहे. माइकसकट हेडफोन, वेबकॅम, बरीच बटणं असलेला कीबोर्ड हे प्रत्येकी अनेक वाटा अडवतात, हबही घेतात. मग डझन-दीड डझन उपकरणांतच विंडोज सांगतं की कंट्रोलरकडे पुरेशी साधनं उरली नाहीत. सेवा केंद्रात हे क्वचित होईल. ज्यांच्याकडे रेकॉर्डिंगचा पसारा आहे त्यांच्याकडे नक्की होतं, आणि त्याला वेगळं यूएसबी कार्ड बसवणं हाच सरळ उपाय आहे.

वेळेची वाटणी हा आणखी एक भाग. चित्र आणि आवाज थांबून चालत नाहीत, म्हणून वेबकॅम आपला वेळ आधीच राखून ठेवतो. यूएसबी २.०चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, त्यातला जास्तीत जास्त ८० टक्के असा राखता येतो, म्हणजे ३८४. स्वस्तातले पुष्कळ वेबकॅम गरज असो-नसो सगळ्यात मोठी वाटणी मागतात, सुमारे १९६ मेगाबिट. दोन वेबकॅम म्हणजे ३९३. एका हबवर पहिला चालतो, दुसरा नाही, आणि दुकानदार म्हणतो दुसरा खराब आहे. अदलाबदल करून पाहिलं की आधी जो खराब होता तो चालतो आणि चांगला बंद पडतो. दोन कॅमेऱ्यांतला एक दुसऱ्या हबवर नव्हे तर कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टात थेट लावावा, नाहीतर चित्राचा आकार कमी करावा.

मला स्वतःला सगळ्यात गुंतवून टाकणारा वाटतो तो उपकरणांच्या ओळखीचा तंटा, आणि तो पाहायचा तर दूध संकलन केंद्रावर जावं. पहाटे सहाच्या सुमाराला किटल्या घेऊन लोक उभे असतात. वजनकाट्याचा आकडा एका वायरीनं कॉम्प्युटरवर येतो, फॅट मोजणाऱ्या मशीनचा दुसऱ्या वायरीनं. या मशीनना जुन्या पद्धतीचा सीरियल पोर्ट असतो, आजच्या डेस्कटॉपला बहुधा नसतो, म्हणून मध्ये यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर लावतात. विंडोज त्या दोघांना कॉम-३, कॉम-४ असे क्रमांक देतं आणि सॉफ्टवेअरमध्ये नोंदवलेलं असतं की काटा तीनवर, फॅट चारवर.

प्रत्येक यूएसबी उपकरण आपली ओळख दोन क्रमांकांत सांगतं, बनवणाऱ्याचा आणि मालाचा. शिवाय चांगल्या उपकरणांना स्वतःचा असा अनुक्रमांक असतो. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये तो नसतो. एकाच दुकानातून आणलेले दोन कन्व्हर्टर विंडोजला हुबेहूब सारखे दिसतात. मग ते ओळखण्यासाठी विंडोज कोणता पोर्ट हे लक्षात ठेवतं. झाडलोट करताना कुणी वायरी काढल्या आणि उलटसुलट लावल्या, की काटा चारवर आणि फॅट तीनवर. तिसऱ्याच पोर्टात लावलं तर नवाच क्रमांक, कॉम-५. जुने क्रमांक विंडोज परत घेत नाही. वर्षा-दोन वर्षांत आकडा दोन अंकी होतो आणि जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत कॉम-९च्या पुढे काही नसतं. इकडे रांगेतलं दूध तापायला लागतं. काटा बरोबर वजन दाखवतोय, फॅट मशीन ठीक आहे, कॉम्प्युटर चालू आहे आणि तरी पावती निघत नाही.

इलाज विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये आहे. तिथे ‘व्ह्यू’मधून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ केलं की पूर्वी कधी जोडलेली, आता नसलेली उपकरणं फिक्या रंगात दिसतात. ती काढून टाकायची. मग कन्व्हर्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट सेटिंग्ज, तिथून ॲडव्हान्स्ड, आणि हवा तो कॉम क्रमांक हातानं निवडायचा. दादा याशिवाय एक गोष्ट करतात, वायरीवर आणि पोर्टाशेजारी एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका देतात. काट्याला लाल, फॅटला निळा. झाडणाऱ्या मावशींनाही ते समजतं. प्रिंटर दुसऱ्या पोर्टात लावल्यावर यादीत त्याच्या नावापुढे ‘कॉपी १’ लागलेला दुसरा प्रिंटर उगवतो आणि छपाई पहिल्याच नावावर अडकून राहते, त्याचंही मूळ यातच आहे.

या कन्व्हर्टरांच्या पोटात असलेल्या चिपांनी एकदा जगभर हाहाकार उडवला होता. स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीच्या चिपांच्या नकला बाजारात भरपूर होत्या आणि त्या मूळ कंपनीचाच क्रमांक सांगत. ऑक्टोबर २०१४मध्ये कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून लोकांच्या कॉम्प्युटरवर पोचला आणि त्यानं नकली चिप सापडली की तिचा माल क्रमांक पुसून शून्य करायला सुरुवात केली. त्यानंतर ते उपकरण कोणत्याच कॉम्प्युटरवर ओळखलं जाईना. आपल्या मशीनमध्ये नकली चिप आहे याची घेणाऱ्याला, कित्येकदा बनवणाऱ्यालाही कल्पना नव्हती. फार ओरड झाली आणि तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. नकलेविरुद्धचा राग समजू शकतो, पण दुसऱ्याच्या टेबलावरचं उपकरण न विचारता निकामी करण्याचा हक्क कुठल्याही कंपनीला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तैवानच्या प्रोलिफिक कंपनीनं वेगळी वाट धरली. तिचा नवा ड्रायव्हर जुनी किंवा नकली चिप चालवत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह आणि कोड १० येतो. काल चालणारा काटा विंडोज अपडेट झाल्यावर आज बंद पडला, तर ही शक्यता आधी पाहावी. कॉम्प्युटरवर जुना ड्रायव्हर अजून असेल, तर अपडेट ड्रायव्हरमधून यादी उघडून तो निवडता येतो आणि काटा पुन्हा चालू होतो.

वायरीशिवायही भांडण होतं. वायरलेस माऊस अडखळतो, सेल बदलले तरी अडखळतो. त्याचा डोंगल निळ्या रंगाच्या यूएसबी ३.० पोर्टाला चिकटून असतो आणि शेजारी हार्डडिस्कवर बॅकअप चालू असतो. यूएसबी ३.०च्या ५ गिगाबिट वेगाच्या संदेशांतून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि माऊसचा डोंगल नेमका तिथेच कान देऊन असतो. इंटेलनं २०१२मध्ये मोजमापांसह हे प्रसिद्ध केलं होतं. डोंगल एका एक्स्टेन्शन वायरीनं हार्डडिस्कपासून दूर नेला की माऊस सरळ चालतो.

आणि अर्थिंग. आपल्याकडच्या जुन्या गाळ्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, तिसऱ्या भोकात वायर असतेच असं नाही. अर्थिंग नसलं की कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर मेनच्या साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असतो, हाताला मुंग्या येतात, टेस्टर मिणमिणतो. आता प्रिंटर दुसऱ्या भिंतीवरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावला, तर कॅबिनेटवरच्या त्या करंटला जमिनीकडे जायला यूएसबीची वायर हीच वाट सापडते. प्रिंटर मधूनच तुटतो, जोडला जातो, स्पीकरमधून घरघर येते. विंडोज तीनदा नव्यानं टाकूनही हे जात नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्यावं, आणि कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्यावेत.

दादांची रीत मी नीट पाहिली. दोष कुठे आहे याचा अंदाज असला तरी ते अंदाजावर काम करत नाहीत. कीबोर्ड आणि माऊस सोडून सगळं काढतात. कॉम्प्युटर शटडाउन करून थेट प्लग काढतात आणि मिनिटभर थांबतात, कारण प्लग असेपर्यंत बऱ्याच मदरबोर्डांवर यूएसबीला थोडी वीज चालू राहते. शिवाय विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन पुरतं होतच नाही. ड्रायव्हरची जुनी अवस्था डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उठते, त्या अवस्थेतल्या बिघाडासकट. रीस्टार्ट केलं तर ती खरोखर पुसली जाते. नंतर ते सगळ्यात महत्त्वाचं उपकरण मागच्या पोर्टात लावतात. मागचे पोर्ट मदरबोर्डवरच असतात, पुढचे आतल्या वायरीनं जोडलेले, आणि ती वायर सैल किंवा हलकी असू शकते. ते उपकरण चाललं की पुढचं, ते चाललं की त्यापुढचं, दर वेळी खरं काम करून बघत. दोन गोष्टी एकदम बदलत नाहीत. त्या केंद्रात स्कॅनर लावेपर्यंत अंगठा मशीन व्यवस्थित चालली. मग त्यांनी ती मागच्या पोर्टात कायमची ठेवली, स्कॅनरही मागेच घेतला, एक हब काढून टाकला आणि दुसऱ्याच्या जागी अडॅप्टरवाला हब लावला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन रूट हबच्या, म्हणजे कॉम्प्युटरमधल्याच मूळ हबच्या, पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढली, म्हणजे दुपारच्या सुस्तीत झोपलेली अंगठा मशीन उठायला नकार देणार नाही. आजी बाहेर पायरीवरच बसून होत्या. त्यांना आत बोलावलं, उजव्या हाताचं पहिलं बोट ठेवलं आणि दाखला निघाला.

हे सगळं दादा कुठल्याही कोर्समध्ये शिकलेले नाहीत, आणि दुर्दैवानं कॉम्प्युटर हार्डवेअरच्या बऱ्याच वर्गांत विंडोज टाकण्यापलीकडे फारसं शिकवलंही जात नाही. बिघाड आला की फॉरमॅट मारा, नाहीतर नवं उपकरण घ्या, ही दोनच उत्तरं गावातल्या माणसाला मिळतात. चांगल्या अवस्थेतले प्रिंटर, अंगठा मशीन आणि वेबकॅम भंगारात जातात ते त्यामुळेच.

पुढे हे सोपं होईल असंही दिसत नाही. २०१४मध्ये टाइप-सी आलं, सुलट-उलट कसंही लागणारं, आणि आता सगळं त्याच आकारात येतं आहे. आकार एक झाला, आतली क्षमता नाही. तशाच दिसणाऱ्या दोन वायरींतली एक ४८० मेगाबिटवर थांबते आणि दुसरी ४० गिगाबिट नेते. एक मोबाइल चार्ज करण्यापलीकडे काही करत नाही, दुसरी मॉनिटर चालवते. जुन्या काळी निळा रंग पाहून वेग ओळखता यायचा, तीही खूण टाइप-सीमध्ये सहसा मिळत नाही. सेवा केंद्रासाठी, डेअरीसाठी किंवा घरासाठी नवी वायर वा हब घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: वेग किती मेगाबिट किंवा गिगाबिट, प्रत्येक पोर्टाला किती मिलिअँपिअर, आणि सोबत अडॅप्टर येतो का. उत्तर खोक्यावर छापलेलं दाखवायला सांगावं आणि तसं ते छापलेलं नसेल तर दुसरं दुकान बघावं.